डाव्या बाजूचे पाहुणे

मंगळवार, ४ मार्च

रविवारी टँपाच्या धक्क्यावरून आमचं जहाज सुटतं. हा आमचा एकविसावा प्रवास. गेल्या खेपेला कंपनीने मला कोटाला लावायचा सोनेरी नांगराचा बिल्ला दिला. माझ्या बायकोला, लोरीनलाही दिला होता. तिचा कुठे आहे ते तिला ठाऊक नाही.

आज फोनवरच्या आमच्या जहाजप्रवाशांच्या गटात एका नवशिक्या बाईने विचारलं, की पहिल्या दिवशी चढल्यावर जेवायचं कुठे? असे प्रश्न लोक माझ्यासाठीच राखून ठेवतात. मी सविस्तर लिहिलं. अडाणी लोक जहाजावर पाय ठेवला की मेंढरांसारखे वरच्या मजल्यावरच्या बुफेकडे धावतात. खांद्यावर बॅगा, एका हातात ताट, दुसऱ्या हातात पोर. टेबल मिळत नाही, मग कचऱ्याच्या डब्यावर ताट टेकवून चरतात. जाणकार माणूस खाली जातो. खाली मुख्य भोजनगृह असतं, पांढरे टेबलक्लॉथ असतात, खुर्ची ओढून देणारा वेटर असतो. ते पहिल्या दुपारी उघडं असतं, पण कंपनी त्याची दवंडी पिटत नाही.

खूप अंगठे आले. मग एका पोराने खाली लिहिलं, 'काका, या नव्या जहाजावर ते पहिल्या दुपारी बंद असतं.' या पोराचे आजवर तीन प्रवास झालेत. मी उत्तर दिलं नाही. पण मनात किडा शिरला, हे इथे कबूल करतो. संध्याकाळी जहाजाचे नकाशे काढून बसलो. टोलीडो शहरात माझी सगळी नोकरी इमारती तपासण्यात गेली. नकाशात दार दिसलं की त्याच्यामागे काय असणार ते मला कळतं.

जेवताना लोरीनने पुन्हा पेगचा विषय काढला. पेग तिची लग्नाआधीची मैत्रीण. सीडर की नावाच्या गावात, पाण्यात खांबांवर उभी असलेली पेगची खानावळ आहे. लोरीन तरुणपणी तिथे वाढायचं काम करायची. मी एकदा सुट्टीत तिथे जेवायला गेलो आणि आमची ओळख झाली. पेग आता थकली, खानावळ बंद करतेय. पुढचा आठवडा शेवटचा. लोरीनचं म्हणणं, तो आठवडा तिला पेगसोबत काढायचा होता. मी समजावलं, की जहाज कधी सोडायचं ते कंपनी ठरवते, पेग नाही. आणि तळलेली मासळीच खायची तर जहाजावर रोज मिळते.

ती म्हणाली, "मासळीचं नाही रे ते."

मग कशाचं, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण तेवढ्यात नकाशात चौथ्या मजल्यावर मागच्या बाजूला आणखी एक भोजनगृह सापडलं.

शनिवार, ८ मार्च

उद्या सकाळी न्याहारी करायची नाही असं ठरवलं आहे. बसून नीट जेवायचं तर पोटात जागा हवी. लोरीन म्हणते, सकाळी काही खाल्लं नाही तर तिला गरगरतं. मी म्हटलं, कॉफी घे.

रविवार, ९ मार्च. दुपार, केबिनमध्ये

पोट भरलेलं आहे, मन तृप्त आहे. गरम आहे तोवर सगळं लिहून काढतो.

लेकलंडच्या घरून वेळेत निघालो. डोळ्याच्या ऑपरेशननंतर गाडी लोरीन चालवते, मी शेजारी बसून कशी चालवायची ते सांगतो. बारा वाजता जहाजावर होतो. अपेक्षेप्रमाणे सगळी जत्रा लिफ्टकडे वळली, बुफेला. एका हवाई शर्टवाल्याने तर पळता पळता माझ्या पायावरून चाकाची बॅग नेली. मी लोरीनला म्हटलं, बघ यांच्याकडे, आणि जिन्याने खाली निघालो.

मुख्य भोजनगृहाची दारं बंद होती. काचेतून पाहिलं तर आत सगळे वेटर ओळीत उभे आणि कोणीतरी त्यांना आग विझवायच्या नळकांड्याचं शिक्षण देत होतं. मी दार वाजवलं. एकाने हाताने 'सहा वाजता' अशी खूण केली. मी नांगर दाखवला. त्याने पुन्हा तीच खूण केली.

क्षणभर तो तीन प्रवासांचा पोरगा डोळ्यांपुढे आला. पण नकाशा पाठ होता. तिथून जहाजाच्या पार मागच्या टोकाला गेलो. तिथलं भोजनगृह उघडं होतं, टेबलंही रिकामी होती, पण ती फक्त मोठ्या खोलीवाल्यांसाठी. दारावरच्या बाईला मी सांगितलं, की एकवीस प्रवास करणारा माणूस मोठ्या खोलीवाल्यापेक्षा मोठा असतो. ती गोड हसली आणि दार लावून घेतलं.

लोरीन म्हणाली, वर पोहण्याच्या तलावाजवळ बर्गर मिळतात, ती तिथे कठड्यावर बसून एक खाईल, मला हवं ते मी शोधत राहावं. मी म्हटलं, कठड्यावर बसणं याला बसून जेवणं म्हणत नाहीत. ती म्हणाली, तिला गरगरतंय. मी म्हटलं, पाच मिनिटं. मग आणखी दोन जिने चढलो आणि एक लांब बोळ पार केला. ती मागून येत होती. मधे एकदा वळून पाहिलं तर भिंतीला टेकून उभी होती. मी थांबलो नाही, कारण समोर मला हवं ते दार दिसलं होतं.

उघडं दार, आत पांढरे टेबलक्लॉथ, प्रत्येक टेबलावर ताजी पांढरी फुलं. दारात एक मुलगी उभी. तिने विचारलं, "कॅप्टनच्या जेवणाला ना?"

मी म्हटलं, अर्थात. कंपनी जुन्या लोकांना अशी मेजवानी देते हे ऐकून होतो. मला आमंत्रण आलं नव्हतं, पण त्यांच्या टपालाचा घोळ नेहमीचाच.

"कुठल्या बाजूचे?" तिने विचारलं.

आमची खोली जहाजाच्या डाव्या अंगाला आहे. मी म्हटलं, "डाव्या बाजूचे."

ती जराशी गोंधळली. नवीन असावी. मग तिने आम्हाला डावीकडच्या टेबलावर नेऊन बसवलं, आणि वेटरने लोरीनची खुर्ची मागे ओढली. मी लोरीनकडे नुसतं पाहिलं. ती पाव खात होती.

माझा नांगर कोणी पाहिला नाही, पण वागणूक सगळ्यांची अगत्याची. बरेचजण क्यूबन वळणाचे, टँपाचेच. हसत होते, एकमेकांच्या गालाला गाल लावत होते. पुढच्या टेबलावर एक उंच, टक्कल पडलेला गृहस्थ बसला होता आणि सगळे त्याला 'कॅप्टन' म्हणत होते. गणवेश नव्हता, पण धक्क्यावर जहाज उभं असताना कशाला घालेल? त्याच्या शेजारी साठीपासष्टीची एक हसरी बाई, आकाशी रंगाचा सूट, केसात फूल. त्या दोघांचे फोटो निघत होते. मला वाटलं, बाईचा शंभरावा प्रवास असावा.

आधी गार सूप, मग सामन मासा, लिंबू पिळलेला, वर हिरवी पानं. लोरीनने सगळं पुसून खाल्लं. तिच्या गालावर रंग आला. शेजारच्या बायकांशी तिचं काय गूळपीठ जमलं कोण जाणे. पेगच्या खानावळीबद्दल ती हातवारे करून सांगत होती आणि त्या टेबलावर हात मारून हसत होत्या. घरी ती इतकी बोलत नाही. मी बोलत असल्यामुळेही असेल.

मग एक तरुण माईकवर आला आणि म्हणाला, की खूप वर्षं एकत्र प्रवास केलेलं एखादं जोडपं इथे असेल तर त्यांनी या दोघांना चार अनुभवाचे शब्द सांगावेत. असा प्रश्न सरळ माझ्यावर आला म्हटल्यावर बसून राहणं उद्धटपणाचं झालं असतं. मी उठलो. म्हटलं, आमचा एकविसावा. सुरुवात चुकली की सगळंच चुकतं, म्हणून पहिल्याच दिवशी आपली जागा पटकावून बसायचं. सगळे धावतील तिकडे धावायचं नाही. कार्यक्रम एकाने ठरवायचा, दोघांनी ठरवला तर कुठेच पोचत नाही. आणि तक्रार असेल तर लेखी द्यायची.

हॉल हसून हसून लोळला. कॅप्टन डोळे पुसत होता. मला विनोदाचं अंग आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मग आकाशी सूटवाली बाई लोरीनला म्हणाली, आता तुम्ही सांगा. लोरीन उठेल असं मला वाटलं नव्हतं. ती उठली. म्हणाली, "तो पुढे चालतो, मी मागून. एकवीस जहाजं झाली, मला त्याच्या पाठीशिवाय फारसं काही आठवत नाही." आणि बसली.

लोक हसले, पण माझ्या वेळेइतके नाही. बायका तर हसल्याच नाहीत. आकाशी सूटवालीने मात्र उठून येऊन तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर केक आला. त्यावर एक बाहुला आणि एक बाहुली. ते पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की ही कंपनीची मेजवानी नसून लग्नाची आहे. कॅप्टन हा अग्निशमन दलातला निवृत्त कॅप्टन, नाव हॉलिस, आणि आकाशी सूटवाली ऑफेलिया ही वधू. मी लोरीनच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, तिला फुलं पाहूनच कळलं होतं. मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, "भूक लागली होती."

उठून जाणं बरं दिसलं नसतं. केकही आला होता. चांगला होता, आत पेरूचा मुरंबा.

मी वधूवरांना भेटून खुलासा केला. कॅप्टन म्हणाला, बाजू विचारल्यावर 'डावी' सांगणारा पाहुणा त्याला पुन्हा मिळायचा नाही, आम्ही त्याच्याच बाजूचे. मोठ्या मनाचा माणूस आहे. मी ताटाचा आणि केकचा फोटो काढून, धक्क्यावरचं नेटवर्क आहे तोवर, गटावर टाकला. खाली एवढंच लिहिलं: 'पहिली दुपार. बसून. शोधणाऱ्याला सापडतं.'

मघाशी घोषणा झाली, की लग्नाचे जे पाहुणे प्रवासाला येणार नाहीत त्यांनी आता उतरावं. ते सगळे घोळक्याने निघाले, लोरीनही त्यांच्यात होती. मला म्हणाली, "एलवुड, मी जाते."

मी म्हटलं, जा, पण सहाच्या आत ये, आपलं टेबल पहिल्या पंगतीचं आहे.

जरा पडतो आता.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सहाला भोजनगृहात गेलो. लोरीन परस्पर तिथे येईल असं धरून चाललो होतो. मेन्यू वाचला. दोघांसाठी मागवलं, तिलाही कोंबडी सांगितली. वेटरचं नाव केतुत. त्याने पाव ठेवला, पाणी ओतलं, समोरच्या खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम येणार आहेत ना?"

मी म्हटलं, येईलच. तेव्हा मला जाणवलं, की दुपारपासून मी तिला पाहिलेलं नाही. खोलीत तिची छोटी बॅग नव्हती, तेही मी पाहिलं होतं, पण पाहून काही वाटलं नव्हतं.

मग ऑफेलिया आली. अजून आकाशी सूटमध्येच. बसली नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "लोरीन उतरली. दारावरच्या अधिकाऱ्यांना रीतसर सांगून गेली, तेव्हा कोणाला शोधायला लावू नका. पेगकडे जातेय. तुम्ही जेवायला बसल्यावरच सांगा म्हणाली, आधी कळलं तर तुम्ही जेवणार नाही."

मी विचारलं, "परत कधी येणार?"

ऑफेलियाने खिडकीबाहेर पाहिलं. आम्ही खाडीवरच्या मोठ्या पुलाखालून समुद्राकडे चाललो होतो. तिने माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि गेली.

कोंबडी आली. मी दोन्ही खाल्ल्या. परत पाठवली असती तर केतुतने कारण विचारलं असतं.

सोमवार, १० मार्च

दिवसभर समुद्र. शेजारच्या खोलीतल्यांनी लोरीनची चौकशी केली. मी सांगितलं तिला जहाज लागलंय. त्यांनी आल्याच्या गोळ्या दिल्या.

असं अचानक काय झालं असेल याचा विचार केला. न्याहारी न केल्याने तिचं डोकं चालेनासं झालं असावं. पण मग ती जेवल्यानंतर का गेली?

मंगळवार, ११ मार्च. कोझुमेल बंदर

धक्क्यावर नेटवर्क आलं तसा आधी गट उघडला. उघडायला नको होता. फोटोतल्या केकवर 'ऑफेलिया आणि हॉलिस' अशी अक्षरं आणि बाहुलाबाहुली स्वच्छ दिसत होती. तीन प्रवासांच्या पोराने खाली विचारलं होतं, 'काका, आहेर काय केलात?' त्याला आलेले अंगठे मी मोजले नाहीत. फोटो काढून टाकला, पण लोकांनी तो आधीच साठवला आहे आणि कोणीतरी त्यात माझं तोंड बाहुल्यावर चिकटवलं आहे.

मग लोरीनला फोन लावला. मागे ताटांचा आवाज, कोणीतरी मोठ्याने हसत होतं. मी म्हटलं, झालं गेलं विसरू, पण तू सांगून जायला हवं होतंस. ती म्हणाली, सांगून गेले. ते खरं होतं.

मग तिने विचारलं, "मी जहाजावर नाही हे तुला कधी कळलं?"

"जेवताना."

"तुझं तुला कळलं?"

या वहीत कोणी डोकावत नाही, म्हणून लिहितो. मी म्हणालो, "वेटरने विचारलं."

मला वाटलं फोन तुटला. मग पेगचा आवाज आला, खिडकीच्या टेबलाची ताटं तयार आहेत म्हणून. लोरीन म्हणाली, "काम आहे, ठेवते," आणि ठेवला. आवाज रागावलेला नव्हता. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, तिच्या रागाला काय उत्तर द्यायचं ते मला माहीत आहे.

बाजारात तिच्यासाठी टोपी घेतली. मोठी निघाली. तिच्या डोक्याचं माप मला ठाऊक नाही, हे दुकानदाराला सांगावं लागलं.

गुरुवार, १३ मार्च

नुकतं लग्न झालेल्यांना परक्या जागी एकटं वाटतं, म्हणून मी रोज ऑफेलिया आणि कॅप्टनच्या टेबलावर जेवतो. त्यांनीच पहिल्यांदा बोलावलं, नंतर बोलावण्याची गरज पडली नाही. कॅप्टन मेन्यू आला की आधी तिला विचारतो, काय खाणार? रोज. मी त्याला म्हटलं, एवढ्या दिवसांत तिची आवड तुमच्या लक्षात आली असेल, वेळ वाचवा. तो म्हणाला, लक्षात आलीय, पण तिला बदलावीशी वाटली तर?

आज विचार करत होतो, लोरीनला कोंबडी आवडते हे मला कोणी सांगितलं.

रविवार, १६ मार्च. सीडर की

टँपाला उतरलो. गाडी लावलेल्या खांबाचा क्रमांक मला पाठ होता. खांब होता, गाडी नव्हती. किल्ल्या लोरीनच्याच पर्समध्ये असतात, त्यामुळे पोलिसांना सांगण्यात अर्थ नव्हता. ऑफेलिया आणि कॅप्टन मागून आले. त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही. लोरीनने त्यांना पेगच्या शेवटच्या जेवणाला बोलावलं होतं. मला नव्हतं बोलावलं, पण गाडीत मागे जागा होती. मी मागे बसून रस्ता सांगायला लागलो, तेव्हा कॅप्टनने रेडिओ लावला.

खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं गाव आलं होतं. पेग काठी टेकत कढईपाशी उभी. लोरीन कमरेला एप्रन बांधून चार ताटं हातांवर घेऊन टेबलांमधून चालली होती. कुठे धक्का नाही, कुठे सांडलवंड नाही. लोक तिला नावाने हाक मारत होते. ती इतकी चपळ आहे हे मी विसरलो होतो. ती ऑफेलियाला मिठी मारून आत घेऊन गेली, मग माझ्यापुढे आली आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "किती जण?"

मी म्हटलं, "दोन."

"एक," ती म्हणाली. "मी कामावर आहे."

मला स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसवलं. दार उघडलं की ते खुर्चीच्या पाठीला लागत होतं. मी मेन्यू मागितला. ती म्हणाली, आज जे उरलंय ते मिळेल. तळलेला मलेट मासा आला, मक्याची भजी आणि लिंबाची फोड. जहाजावरच्या सामनपेक्षा चांगला होता. तिला तसं सांगायला हाक मारली, पण ती दुसऱ्या टेबलावर होती. मग पुन्हा हाक मारली नाही. दार आदळत होतं तरी मी तिथेच बसून तिच्याकडे पाहत राहिलो. ती दिसत नसेल तेव्हा ताटाकडे बघायचो.

गर्दी ओसरल्यावर तिने माझ्या टेबलावरचं ताट उचललं. मी विचारलं, निघायचं का? ती म्हणाली, पेगचं सगळं आवरायला हा आठवडा जाईल, ती थांबणार आहे. मग मी घरी कसा जाणार, विचारलं. म्हणाली, कॅप्टन सोडेल, नाहीतर मागच्या पडवीत एक खाट आहे.

मी म्हटलं, खाट चालेल.

ती "बरं" म्हणाली आणि टेबल पुसायला लागली.

सोमवार, १७ मार्च

खाटेमुळे पाठ धरली आहे. खारा वारा, वर सीगलची किरकिर.

सकाळी उठलो तर लोरीन आणि पेग पायरीवर कॉफी घेत बसल्या होत्या. मलाही दिली. पडवीच्या खांबांना कीड लागली आहे, परवानगी कोणी दिली माहीत नाही, असं मी पेगच्या निदर्शनास आणलं. पेग म्हणाली, चाळीस वर्षं कोणी तक्रार केली नाही. लोरीन कपात बघून हसली.

मग सामान काढायला लागलो. मी म्हटलं, आधी टेबलं बाहेर काढू, म्हणजे वाट मोकळी होईल. लोरीन म्हणाली, आधी खुर्च्या. तिचं बरोबर होतं, टेबलं दारातून आडवी करूनच जातात आणि त्याला जागा लागते. ती पुढे चालली, कुठे रचायच्या ते दाखवत. मी मागून एकेक आणत होतो. पाचव्या की सहाव्या खेपेला, वातावरण बरं वाटलं म्हणून, मी सांगितलं, की नोव्हेंबरात एक जहाज आहे, बाविसावा होईल, आणि या वेळी तिने ठरवावं कुठे जेवायचं.

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांत कोणी माझ्याकडे असं पाहिलेलं नाही.

"एलवुड," ती म्हणाली, "खुर्ची उचल."

मी उचलली.